बिनकारणाचा पुलाव

तुतझोर मोहल्ल्यातले चाळीस पुरुष एका जागी बसवायचे, त्यांना 'पुरुषांची प्रजननक्षमता आणि प्रजनन आरोग्य' या विषयावर डॉक्टरांचं व्याख्यान ऐकवायचं, चाळीस सह्या घ्यायच्या आणि सहा फोटो काढायचे, त्यांतल्या एकात श्रोते टाळ्या वाजवताना दिसले पाहिजेत, असा हुकूम फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सोबिरजान मास्तरांच्या टेबलावर येऊन पडला. चाळीसच का, तर फॉर्मवर चाळीस ओळी छापलेल्या होत्या. आणि मास्तरच का, तर मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे." मास्तर शाळेत तांत्रिक चित्रकला शिकवत. त्यांनी काढलेली सरळ रेष सरळच असायची, याबद्दल सबंध शाळेत त्यांचा दबदबा होता. प्रजननक्षमतेशी या गोष्टीचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती.

मोहल्ल्याच्या सूचनाफलकावर नोटीस लावायची तर अध्यक्ष याकूब-आकांची परवानगी लागते. याकूब-आकांनी नोटीस वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि खिडकी बंद केली.

"मास्तर, हा शब्द काढा."

"कुठला?"

"तोच. मी तोंडानं म्हणणार नाही. फलक बायकासुद्धा वाचतात."

मास्तरांनी 'प्रजनन' काढलं. उरलं 'पुरुषांचे आरोग्य'.

"पुरुषांच्या आरोग्याला काय धाड भरलीय, असं विचारतील लोक. दुसऱ्या मोहल्ल्यात गेलं तर आपल्या पोरांची लग्नं जमायची नाहीत."

"मग नुसतं 'आरोग्य' लिहू?"

"लिहा. सगळ्या म्हाताऱ्या येतील रक्तदाब मोजून घ्यायला. तुम्ही सांगा त्यांना पुरुषांबद्दल."

"'महत्त्वाची सभा'?"

"मग कुत्रंही फिरकायचं नाही." याकूब-आकांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, मी तीन अध्यक्षांच्या हाताखाली काम केलंय. या मोहल्ल्यातला पुरुष एकाच गोष्टीला वेळेवर येतो. ओशला."

ओश म्हणजे पुलाव. पहाटेची नमाज आटोपली की यजमानाच्या अंगणात फक्त पुरुषांची पंगत बसते, दोघांत एक थाळी, वर चहा, हात वर करून दुआ आणि अर्ध्या तासात जो तो आपल्या कामाला. त्याचं बोलावणं आलं तर आजारी माणूससुद्धा अंथरुणातून उठतो. मास्तरांना कल्पना पटली. पुलाव संपला की चहाच्या वेळी डॉक्टरांना उभं करायचं. तोंडं भरलेली असताना कोण उठून जाणार?

"आणि ओशचं कारण काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"कारण लिहिलंत तर येईल कोण?" याकूब-आका म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

अशा रीतीनं सुंदर, सुवाच्य अक्षरात एवढीच ओळ फलकावर लागली की रविवारी पहाटे सोबिरजान मास्तरांकडे ओश. मास्तरांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. रेष सरळ होती.

घरी बायकोला, मुहय्योला, त्यांनी हे सगळं सांगितलं तेव्हा ती शिकवत असलेल्या बालवाडीतून आणलेले कागदी पक्षी दोऱ्यात ओवत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चाळीस माणसांना तुम्ही समजावणार की बाबांनो, नुसत्या बायकांना तपासू नका, स्वतःही तपासून घ्या."

"मी नाही, डॉक्टर समजावणार. मी संयोजक आहे."

"आणि संयोजकांची चिठ्ठी अजून कोनमापकाखालीच आहे ना?"

ती चिठ्ठी होती खरी. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांत मुहय्योच्या सहा तपासण्या झाल्या, दोनदा पाणी मंतरून झालं, एकदा तर उन्हाळ्यात दोन बस बदलून कुठल्याशा झऱ्यावर जाऊन झालं. प्रत्येक डॉक्टरनं सांगितलं, बाई ठणठणीत आहे, नवऱ्याला पाठवा. दोन वर्षांपूर्वी एकानं नवऱ्याच्या नावाची चिठ्ठीच लिहून दिली. मास्तरांनी ती टेबलाच्या खणात कोनमापकाखाली ठेवली, म्हणजे सापडेल. मग परीक्षा आल्या, मग रोजे आले, मग आईचा गुडघा सुजला. माणसाला कामं का थोडी असतात? शिवाय आपल्यात काही खोट असेल असं मास्तरांना मनापासून वाटतच नव्हतं. त्यांची उंची चांगली होती.

मास्तरांच्या आई, हाजरा-बीबी, चिठ्ठ्यांच्या भानगडीत पडत नसत. त्यांनी स्वतःपुरता निकाल लावला होता. येत्या बुधवारी मुहय्योचा भाऊ कोकंदहून येणार होता, बहिणीला "थोडे दिवस" माहेरी न्यायला. फोन हाजरा-बीबींनीच केला होता. तुतझोरमध्ये "थोडे दिवस" म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. शेजारच्या तुर्गून-आकांची सून, त्यांच्या दावरोनची बायको, गेल्या पानगळीत थोडे दिवसच गेली होती. अजून तिच्या चपला दाराशी तशाच आहेत.

"बुधवारपर्यंत आईशी बोलतो मी," मास्तर म्हणाले.

"बोला," मुहय्यो म्हणाली. "बोलायला तुम्हाला डॉक्टर नाही ना लागत?"

मास्तरांना हे लागलं. पण रविवारच्या गडबडीत मनाला लावून घ्यायला सवड नव्हती.

ओश म्हटलं की आदल्या संध्याकाळी गाजरं चिरायला शेजारी जमतात. शनिवारी मास्तरांच्या अंगणात पाट मांडले, सुऱ्या घेऊन बारा-तेरा जण आले आणि बरोबर आपापला सल्लाही घेऊन आले. पातेलं पूर्वेला ठेवा. नको, पूर्वेला वारा आहे. तांदूळ आत्ताच भिजवा. आत्ता भिजवलात तर सकाळी खीर होईल. आचारी बिचारा तोंड मिटून कांदा चिरत होता, कारण त्यानं आयुष्यात नऊशे ओश केले होते आणि प्रत्येक ठिकाणी पातेलं शेजाऱ्यांनी सांगितलं तिथेच ठेवलं होतं.

मास्तरांच्या शेजारी तुर्गून-आका बसले होते. पूर्वी बस डेपोचे प्रमुख, आता निवृत्त, पाच मुलांचे बाप आणि त्या अनुभवावर पुरुषविषयक सर्व बाबींतले जाणकार. आज त्यांचा चेहरा अंमळ जास्तच खुलला होता.

"मास्तर, मुबारक!" ते हळूच म्हणाले.

मास्तर सुखावले. व्याख्यानाची एवढी कदर होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "तुम्हाला कळलं वाटतं?"

"न कळायला काय झालं? पण आम्ही नाव घेणार नाही हं. दृष्ट लागते."

"बरोबर आहे. याकूब-आकासुद्धा शब्द उच्चारू नका म्हणाले."

"शहाणा माणूस! पण किती वर्षं अडलं होतं हो!"

"अडलंच होतं. कोणी मनावरच घेत नव्हतं. शेवटी वरून हुकूम आला."

"वरूनच यावा लागतो," तुर्गून-आकांनी आभाळाकडे बोट केलं.

"मग म्हटलं, आता अंग चोरून चालायचं नाही. लागलो कामाला. दोन आठवडे दुसरं काही सुचू दिलं नाही."

गाजर चिरणाऱ्या बारा सुऱ्या थांबल्या. बारा जणांनी मास्तरांकडे आदरानं पाहिलं.

"आणि डॉक्टर?" कोणीतरी विचारलं.

"डॉक्टर इल्योसना बोलावलंय ना! त्यांच्याशिवाय मला एकट्याला थोडंच जमणार होतं?"

इथे एक जण एवढा खोकला की त्याला पाणी द्यावं लागलं. तुर्गून-आकांनी मात्र प्रसंग सांभाळून घेतला. "आजकाल घेतात डॉक्टरांची मदत. त्यात लाजायचं काही नाही."

"हेच!" मास्तर आनंदानं ओरडले. "हेच लोकांना पटवायचंय मला!"

त्या संध्याकाळी मास्तर दोन बोटं उंच चालत घरात शिरले. स्वयंपाकघराच्या दारात मुहय्यो उभी होती. तिच्या हातात ताट होतं आणि ताटात मेंढीच्या मांसाचा चांगला मऊ, मोठा तुकडा.

"हे तुमच्या आईंनी वाढलंय," ती म्हणाली. "स्वतःच्या हातानं. डोक्यावरून हातही फिरवला. आठ वर्षांत पहिल्यांदा."

"अरे वा!"

"वा काय? सगळा मोहल्ला म्हणतोय, मास्तरांकडे बातमी आहे. बिनकारणाचा ओश कोण घालतं? लग्न नाही, सुंता नाही, कोणी हजहून आलं नाही, कोणी मेलं नाही. मग उरलं काय? दुपारपासून तीन बायका माझ्या पोटाकडे बघून गेल्या आणि दृष्ट लागेल म्हणून एकही बोलली नाही. मी नाही म्हणाले की त्या म्हणतात, बरोबर आहे, नाहीच म्हणायचं असतं!"

मास्तर उंबऱ्यावर बसले. गाजरांपाशी झालेला सगळा संवाद त्यांच्या कानात पहिल्यापासून पुन्हा वाजला. 'दोन आठवडे दुसरं काही सुचू दिलं नाही' इथपर्यंत आल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आईला सांगितलंस?"

"मी?" मुहय्योचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सहा वेळा मीच सांगितलं, माझ्यात काही दोष नाही. ऐकलं कोणी? आता तुम्ही सांगा. हा तुकडा मला गिळवत नाही. तो माझा नाहीच."

तिनं ताट मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं आणि ती आत गेली. मास्तरांनी आईशी बोलायचं ठरवलं. पण हाजरा-बीबी शेजारणींच्या गराड्यात बसून बाळाच्या दुपट्याचं कापड निवडत होत्या, आणि एवढ्या बायकांत शिरून असं काही बोलणं जमेना, म्हणून मास्तर दारातूनच परत फिरले. गाजरं चिरून झाली होती, मांस आलं होतं. आता ओश रद्द करायचा तर एकच मार्ग होता, यजमानानं मरायचं. पण मग त्याचाही ओश घालावाच लागला असता.

रविवारी चाळीस नाही, एकशेदहा पुरुष आले. फॉर्मवर चाळीसच ओळी होत्या, त्यामुळे मास्तरांना त्याही घाईत सत्तर जणांची चिंता लागून राहिली. पुलाव उत्तम झाला होता, आणि त्यात मास्तरांचा काहीच हात नव्हता. ज्याच्या त्याच्या तोंडावर समजूतदार हसू होतं. जो तो छातीवर उजवा हात ठेवून, जराशी मान लववून सलाम करी, आणि मान लववता लववता डोळाही मिचकावी.

चहा आला. मास्तरांनी डॉक्टर इल्योसना खूण केली. डॉक्टर तरुण होते, उत्साही होते आणि त्यांनी बरोबर एक भलंमोठं रंगीत चित्र आणलं होतं. ते त्यांनी द्राक्षाच्या मांडवाला टांगलं. निळ्या पार्श्वभूमीवर शेपट्या असलेले शेकडो पांढरे जीव एका दिशेनं पोहत होते.

"बेडकाची पिल्लं," तुर्गून-आका मोठ्यानं म्हणाले. "दारापुढच्या पाण्याच्या पाटात वसंतात हीच असतात. साहेब पाणीपुरवठ्याकडचे का?"

"नाही, हे आपले—" डॉक्टरांनी सुरुवात केली. पण तुर्गून-आका उठले होते. त्यांनी फाटकाकडे पाहून टाळी वाजवली, आणि त्यांचा पस्तिशीतला मुलगा दावरोन खाली मान घालून एक पाळणा घेऊन आत आला. लाल-हिरव्या नक्षीचा लाकडी पाळणा, वर धरायला दांडी, बाजूला मण्यांच्या माळा. त्यानं तो आणून बरोबर डॉक्टर आणि चित्र यांच्या मधोमध ठेवला.

"मास्तर," तुर्गून-आकांचा आवाज जरा जड झाला, "हा दावरोनच्या लग्नात करवून घेतला होता. आमच्याकडे रिकामाच राहिला. रिकामा पाळणा घरात बरा दिसत नाही. तुमच्याकडे कामाला येऊ दे. चला, दुआ करा सगळे."

एकशेदहा जणांनी दोन्ही हात तोंडासमोर धरले. पडद्यामागे बायकांच्या खोलीतून हाजरा-बीबींचा हुंदका ऐकू आला. सर्वांत म्हातारे हमदम-बाबा पुटपुटू लागले, "येणाऱ्या जिवाला उदंड आयुष्य लाभो, तो आईबापांच्या—"

आता फक्त आमीन म्हणायचं होतं. आमीन म्हटलं, चेहऱ्यावरून हात फिरवले की झालं, माणसं उठून जाणार. मास्तरांचेही हात वर होते. त्यांना पडद्याच्या फटीतून मुहय्यो दिसली. एकट्या तिचेच हात खाली होते.

"थांबा!" मास्तर ओरडले.

तुतझोर मोहल्ल्यात आजवर दुआ कोणी अर्ध्यात थांबवली नव्हती. एकशेदहा हात-जोड्या हवेत तशाच राहिल्या.

"कोणी येणार नाहीये! बातमी नाही, काही नाही! मी फलकावर विषय लिहिणार होतो, पण त्यातला एक शब्द चालत नव्हता, मग दुसरा चालत नव्हता, शेवटी नुसता पुलाव उरला!"

"मग हा ओश कशाचा?" तुर्गून-आकांनी विचारलं. हात अजून वरच.

"कशाचाच नाही! बिनकारणाचा आहे! तुम्ही बेडकं म्हणता ती बेडकं नाहीत, तुमचीच आहेत, म्हणजे असली तर आहेत! माझी आहेत की नाहीत मला माहीत नाही, कारण मी तपासलंच नाही! माझ्या बायकोला सहा डॉक्टरांनी तपासलं. सहाच्या सहा म्हणाले, नवऱ्याला पाठवा. चिठ्ठी दोन वर्षं माझ्या खणात पडली आहे. मी भ्यालो, म्हणून गेलो नाही. आणि बुधवारी तिला माहेरी धाडतायत! कोणाच्या चुकीसाठी? माझ्या!"

मास्तरांना एकदम दम लागला. त्यांचे हात अजून दुआसाठी उघडलेलेच होते, ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

अंगणात कोणी हललं नाही. तेवढ्यात डॉक्टर इल्योस यांनी, अशी शांतता आपल्या धंद्यात पुन्हा मिळायची नाही हे ओळखून, पाळण्यावरून उडी मारली आणि बोलायला सुरुवात केली. ज्या जोडप्यांना मूल होत नाही, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही काही ना काही कारण असतं, ते म्हणाले. त्यावर उपाय बहुतेक वेळा असतो. सिगरेट, जिभेखालची तंबाखू, फार गरम हमाम, शिरांची सूज, सगळं त्यांनी आठ मिनिटांत सांगितलं. तंबाखूशी आले तेव्हा निम्म्या अंगणानं जिभेखालची हिरवी गोळी गुपचूप पाटात थुंकली. तपासणी कशी होते हे सांगितलं तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे पाहत होते.

सह्यांचा कागद फिरला. त्याच्या डोक्यावर तो काढलेला शब्द छापलेला होता, त्यामुळे कागद ज्याच्याकडे जाई त्याला एकाएकी दुकान उघडायची आठवण होई. हमदम-बाबांनी मात्र सही केली. "मी चौऱ्याऐंशीचा," ते म्हणाले, "मला आता कोण काय म्हणणार?" टाळ्यांचा फोटो मिळालाच नाही. सहाही फोटोंत एकशेदहा पुरुष जमिनीकडे बघताना आले, आणि पुढे जिल्हा कार्यालयानं शेरा मारला की कार्यक्रम शोकसभेचा दिसतो, कृपया विषय तपासावा.

हाजरा-बीबी त्या दिवशी दुपट्याचं निवडलेलं कापड घडी घालून ठेवत बसल्या. मास्तरांनी दोनदा "आई" म्हणून हाक मारली. दोन्ही वेळा त्या भिंतीकडे वळल्या.

सोमवारी सकाळी तपासणी. दवाखान्यातली त्या कामाची खोली कुलूपबंद होती आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो लग्नाला गेला होता. म्हणून डॉक्टरांनी घरूनच नमुन्याची बाटली आणायला सांगितलं होतं. दोनच अटी. एक तासाच्या आत पोचली पाहिजे आणि थंडी लागता कामा नये, अंगाशी धरून आणायची. बाहेर बर्फ अर्धवट वितळलेलं होतं. मास्तर बाटली घेऊन खोलीबाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. दाराशी हाजरा-बीबी उभ्या. त्यांनी बाटलीकडे पाहिलं नाही, मास्तरांकडेही पाहिलं नाही. आपला लोकरी कमरपट्टा सोडला, मास्तरांच्या छातीभोवती दोन वेढे घालून घट्ट आवळला आणि त्यांच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. मास्तर पहिलीत असताना लावायच्या, तशीच.

दवाखाना बारा मिनिटांच्या वाटेवर. मुहय्यो घड्याळ घेऊन बरोबर निघाली. बाटली पट्ट्याच्या आत डाव्या बाजूला होती आणि ती घसरू नये म्हणून मास्तरांनी वरून उजवा हात दाबून धरला होता. घोटाळा झाला तो इथे. ज्या गावात छातीवर उजवा हात ठेवणं म्हणजेच सलाम, तिथे छातीवर हात ठेवून निघालेला माणूस तासाभरात कुठेही पोचत नाही.

पहिला भेटला नानबाई, म्हणजे कोपऱ्यावरचा रोटीवाला. त्यानं पाहिलं, मास्तर आपल्याला लांबूनच अदबीनं सलाम करतायत. तो हातातलं पीठ झटकत रस्त्यात आला. "सलाम, मास्तर! तब्येत बरी? घरचे बरे? आईसाहेब बऱ्या? दमला नाहीत ना? कामधंदा ठीक? गुरंढोरं ठीक?"

"बरी, बरे, बऱ्या, नाही, ठीक, गुरं नाहीत," मास्तर म्हणाले. पण तेवढं उलट विचारल्याशिवाय निघता येत नाही, म्हणून त्यांनी नानबाईची गुरं विचारली. त्याच्याकडे तीन होती.

"सात मिनिटं गेली," मुहय्यो म्हणाली.

पुढे गॅसच्या नळासाठी रस्ता खणलेला. खड्ड्यातल्या सहाही कामगारांनी मास्तरांचा हात पाहिला, फावडी ठेवली आणि खड्ड्यातूनच छातीवर हात ठेवले. सहा जणांची घरची मंडळी विचारून होईपर्यंत एकूण पस्तीस मिनिटं झाली. मशिदीपाशी हमदम-बाबा भेटले. ते मिठी मारायला आले. मास्तर घाबरून मागे सरले, बाबा पुढे आले, मास्तर आणखी मागे. शेवटी मुहय्योनं मध्ये पडून सांगितलं, "बाबा, मिठी नको, यांच्या छातीत आहे!"

"काय आहे?"

"ओझं!"

"कालच हलकं झालं ना सगळं?" बाबा म्हणाले आणि त्यांनी दुआ द्यायला हात उघडले. ही दुआ मात्र मास्तरांनी थांबवली नाही. त्यात पाच मिनिटं गेली.

"हात खाली घ्या ना!" मुहय्यो कळवळून म्हणाली.

"हात खाली घेतला तर ती खाली येईल!"

शेवटचा तुकडा दोघांनी पळत काढला. मुहय्योही पळत होती आणि मध्येच हसत होती. तिला हसताना पाहून किती दिवस झाले, हे मास्तरांना आठवेना.

खिडकीतल्या बाईंनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "ही दोन वर्षांपूर्वीची आहे."

"हो."

"चिठ्ठी दहा दिवस चालते. नवीन आणा. चार नंबरच्या खोलीत मिळेल."

"बाई, माझी अकरा मिनिटं उरलीत!"

"सगळ्यांना तेच म्हणायचंय आज," बाई म्हणाल्या. "बघा जाऊन."

मास्तर वळून चार नंबरच्या खोलीपुढच्या व्हरांड्यात शिरले आणि जागीच थांबले. तिथे भिंतीकडे तोंड करून, हातहातभर अंतर ठेवून, तुतझोर मोहल्ल्यातले नऊ पुरुष उभे होते. एक जण दातांबद्दलचा तक्ता वाचत होता. एक खिडकीतून बर्फ न्याहाळत होता. आणि नऊच्या नऊ जणांचा उजवा हात कोटावर, छातीच्या डाव्या बाजूला घट्ट दाबलेला होता. एवढे हात छातीवर, पण सलाम कोणीच कोणाला करेना.

सर्वांत पुढे दावरोन होता. त्याच्या कोपराला धरून तुर्गून-आका उभे होते.

"मास्तर, या," तुर्गून-आका भिंतीकडे बघतच म्हणाले. "तुम्ही पुढे व्हा. आमची अजून चाळीस मिनिटं आहेत, आम्ही मागच्या गल्लीनं आलो, वाटेत कोणी भेटलं नाही." मग मास्तर जवळून जाताना त्यांनी मुहय्योला हळूच विचारलं, "पोरी, आमची सून… आता बोलवायला गेलो तर येईल का गं?"

मुहय्योनं घड्याळावरची नजर काढून दावरोनकडे पाहिलं.

"मला नाही माहीत, काका," ती म्हणाली. "पण जाल तेव्हा तुम्ही बोलू नका. दावरोनला बोलू द्या."

दावरोननं भिंतीकडे पाहतच मान हलवली.

बाटली तीन मिनिटं राखून खिडकीत गेली. निकाल गुरुवारी. येताना दोघं सावकाश आली. मास्तरांचा हात सवयीनं अजून छातीवरच होता, त्यामुळे नानबाईची गुरं पुन्हा विचारावी लागली.

घरात शिरताना आतून हाजरा-बीबींचा आवाज ऐकू आला. कोकंदचा फोन होता, आणि कोकंद लांब असल्यामुळे त्या ओरडून बोलत होत्या.

"बुधवारी येऊ नका! नाही, आजारी नाही कोणी! आमच्याकडचीच एक तपासणी राहिली होती! कोणाची म्हणजे? माझ्या मुलाची!… मुहय्यो? ती कामात आहे. नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली आहे!"

दुपारी तिघं जेवायला बसली. हाजरा-बीबींनी वाढलं. मास्तरांच्या ताटात उकडलेला मुळा आणि लावीची अकरा अंडी पडली. तुर्गून-आकांनी 'पुरुषांना यानं ताकद येते' या निरोपासकट पाठवलेली. मास्तरांनी मांसाच्या वाडग्याकडे आशेनं पाहिलं. त्यातला सगळ्यात मऊ, मोठा तुकडा हाजरा-बीबींनी उचलला, क्षणभर तसाच धरला आणि मुहय्योच्या ताटात ठेवला.

मुहय्योचा हात ताटाशी थांबला. "आई, बातमी नाहीये," ती हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे मला," हाजरा-बीबी म्हणाल्या. "खा. थंड होतंय."